वेगाचा आकडा कोणासाठी?

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाटाची वळणे भल्याभल्या वाहनांस त्यांची मर्यादा समजावून देतात. तरीही शक्तिशाली सेडान मोटारींच्या माहितीपत्रकांत ताशी २५० किलोमीटर हा कमाल वेग दिमाखाने मिरवत असतो. अनेक जर्मन कारखानदार याच आकड्यावर इलेक्ट्रॉनिक लगाम घालतात. जर्मनीतील महामार्गांच्या काही भागांवर वेगमर्यादाच नसल्याने तेथे त्यास काही अर्थ तरी आहे. बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मात्र मोटारींना १२० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे ग्राहक ज्या गुणासाठी किंमत मोजतो, त्याचा निम्म्याहून अधिक भाग कायद्यानेच निरुपयोगी ठरतो. ही उपयुक्ततेची नव्हे, प्रतिष्ठेची खरेदी होय.

ही हौस ज्याने त्याने स्वखर्चाने खुशाल भागवावी. परंतु तिचा धोका त्याच्यापुरता राहत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास चौपट अंतर लागते, आणि त्या अंतरात एखादा सायकलस्वार किंवा शेतातून परतणारी बैलगाडी असू शकते. म्हणून कमाल वेग छापणाऱ्या प्रत्येक उत्पादकावर त्या वेगावरून थांबण्याचे अंतरही तितक्याच ठळक अक्षरांत छापण्याचे बंधन शासनाने घालावे. अर्धा हिशेब दाखवून केलेला व्यवहार चोख म्हणता येत नाही.