सोंग कोणाचे घ्यावे?

३१ ऑक्टोबर जवळ आला की अमेरिकेतील मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : हॅलोवीनला मुलाने कोणता वेष करावयाचा? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परदेशात मुले वाढविणाऱ्या आईवडिलांना तो तसा वाटत नाही. सारा वर्ग नटूनथटून आलेला असताना आपलेच मूल कोपऱ्यात बसलेले कोणाला पाहवेल?

हा सण मूळचा केल्ट लोकांचा ‘साऊन’. सुगी सरून हिवाळा लागताना मृतात्मे परततात, त्यांनी ओळखू नये म्हणून वेषांतर, अशी त्यामागची समजूत सांगतात. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात देशोधडीला लागलेल्या आयरिश लोकांमुळे तो अमेरिकेत रुजला. तिकडे सलगम कोरीत, इकडे भोपळा सापडला. आता त्यावर बाजारपेठ स्वार झाली आहे. तेथील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय महासंघाच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली केवळ वेषांवर ४ अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला.

यावर बहिष्कार घाला म्हणणारे काही आहेत. शेजाऱ्यांच्या मुलांत मिसळण्याची संधी अशी दवडणे शहाणपणाचे नाही. पण दुसरे टोकही आम्हाला पटत नाही. अभिमानापोटी काही पालक मुलाला बाळकृष्ण किंवा शिवराय करून चॉकलेटे मागायला दारोदार पाठवितात. भावना चांगली, जागा चुकीची. शिवाय अनेक शाळांत वेषासोबत शस्त्र चालत नाही. तलवार घरी ठेवून निघालेले महाराज!

२००८ साली हायडी क्लुम या मॉडेलने हॅलोवीनच्या मेजवानीसाठी कालीमातेचे सोंग घेतले, तेव्हा हिंदूंनी निषेध केला आणि तो रास्तच होता. २०१६ मध्ये प्रशांत महासागरातील बेटवासीयांच्या आक्षेपानंतर डिस्ने कंपनीने त्यांच्या माउई या पुराणपुरुषाचा वेष विक्रीतून काढून घेतला. मग भुते, सांगाडे आणि चेटकिणी यांच्या रांगेत आपली श्रद्धास्थाने आपणच कशी उभी करावी?

देवाचे सोंग आपल्याला नवे नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात वनवासी बांधव देवतांचे मुखवटे घालून नाचतात. परंतु मुखवट्याची आधी पूजा होते. कोणता मुखवटा कोणत्या घराण्याने घ्यायचा, हेही पुष्कळदा परंपरेने ठरलेले असते. सोंग आणि थट्टा यांतील अंतर त्या समाजाला नेमके ठाऊक होते. मुलाला शिवराय व्हायचे असेल तर महाराष्ट्र मंडळाची शिवजयंती आहेच. तेथे तो कोण झाला आहे, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

हॅलोवीनला वाघ, हत्ती, पतंग, अंतराळवीर काय वाटेल ते व्हावे. तयार वेष आणण्यापेक्षा पुठ्ठा, रंग आणि आईची जुनी साडी घेऊन दोन संध्याकाळ सर्वांनी मिळून बसावे; त्या निमित्ताने मूल मराठीत चार वाक्ये अधिक बोलेल. फक्त वेष थोडा सैल शिवावा. उत्तरेकडील राज्यांत त्या रात्री कडाक्याची थंडी असते, आत स्वेटर मावला पाहिजे.