बाळाला डोंगरावर न्या, पण परतीची वाट मोजून

पावसाळा लागला की गंगापूर, लासूरकडच्या गाड्या म्हैसमाळच्या वाटेला लागतात आणि हल्ली त्यांत सहा-आठ महिन्यांची बाळंही असतात. घरातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात: तान्ह्या पोराला वाऱ्या-धुक्यात कशाला न्यायचं? काळजी खरी आहे, रोख मात्र चुकतो. म्हैसमाळची उंची सुमारे १०६७ मीटर, राज्यात सर्वांत उंच असलेल्या कळसूबाईची १६४६. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, तेव्हा आपल्याकडच्या डोंगरांची उंची बाळाच्या आड येत नाही. आड येतो तो दवाखान्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ. म्हैसमाळच्या पठारावर थेट गाडी जाते, गिरिजादेवीच्या मंदिराच्या आसपास पाय मोकळे करता येतात, बाळ किरकिरलं तर लगेच गाडीत बसता येतं आणि खुलताबाद बारा किलोमीटरवर आहे. कळसूबाईला बारी गावातून चढायलाच तीन-चार तास, वर लोखंडी शिड्या. तिथं बाळाला ताप भरला तर सगळी वाट पायी उतरायची. देवगिरीचा किल्ला गावाला लागून आहे खरा, पण त्याच्या अंधारी नावाच्या काळोख्या वाटेतल्या पायऱ्यांवर बाळ छातीशी बांधलं की स्वतःची पावलं दिसत नाहीत.

ऊसतोडीच्या बाया तान्ही लेकरं फडात नेतातच की, असं कुणी म्हणेल. त्या हौसेनं नेत नाहीत, आणि त्या लेकरांचं काय बिघडतं हे विचारायला फडात जातं कोण? शिवाय ते लेकरू कोपीच्या सावलीत किंवा झोळीत निजतं. कॅरिअरमधल्या बाळाची गोष्ट वेगळी. चढताना बापाला घाम फुटतो, म्हणून त्याला वाटतं बाळही उबेत आहे. बाळ तर हलतही नसतं, त्याचे लोंबते पाय वाऱ्यानं गारठतात. अंगात ऊब आहे का, हे मानेच्या मागे हात लावून पाहावं. हनुवटी छातीला टेकू देऊ नये, धुकं लागतं म्हणून तोंडावर ओढणी टाकू नये; दोन्हींनी श्वास कोंडतो. मान न धरलेलं बाळ पाठीवरच्या बॅगेत तर बसवूच नये.

राहिला प्रश्न, बाळाला यातलं काय कळतं? काहीच नाही. सहल आईबापांची असते, हे कबूल करायला लाज कसली? बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने चार भिंतींत अडकलेल्या बाईला मोकळी हवा मिळते, एवढं कारण पुरे. पण मग टपरीमागे आडोसा शोधत पाजत बसायची पाळी तिच्यावर येता कामा नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूधच, वरचं पाणीसुद्धा नाही. म्हणजे फिरण्याचं वेळापत्रक त्याच्या भुकेवर ठरणार. खोली घेताना खिडकीतून दरी दिसते का, यापेक्षा रात्री गाडी दाराशी येते का, हे आधी विचारावं. आणि अर्ध्यावरून मागं फिरायला जे कुरकुरतात, त्या मित्रांना या खेपेला घरीच ठेवावं.