नागोबा भाऊ, पण दूध नको!



चांदोबा आपला मामा, मनी आपली मावशी, शेतातली माती काळी आई आणि नागोबा तर चक्क भाऊ! निसर्गाशी आपण अशी घरची नाती जोडली आहेत. ही नुसती गंमत नाही, बरं का. परक्याच्या पायात काटा रुतला तर आपण ‘अरेरे’ म्हणतो. घरच्याच्या पायात रुतला तर काढायला धावतो.

म्हणूनच नागपंचमीला नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत. का? भावाला इजा होईल! पानशेतच्या जलाशयाकाठी शिरकोलीला शिरकाईची देवराई आहे. अशा देवरायांतून वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, देवी रागावेल, असं जुनी माणसं सांगत. रागावणं हा माणसाचाच गुण ना? पण त्या धाकानं रानं टिकली. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचं मोल सगळ्यांना कळलं.

पण नात्यात एक घोटाळाही होतो. आपल्याला आवडतं ते त्यालाही आवडेल, असं वाटू लागतं. नाग दूध पीत नाही. ते त्याला पचतही नाही. गारुडी त्याला कित्येक दिवस उपाशी, तहानलेला ठेवतात, म्हणून तो तोंड लावतो आणि पुष्कळदा मरतो. वटपौर्णिमेला वडाची पूजा, आणि त्यासाठी फांद्या मात्र वडाच्याच तोडायच्या!

आजीला दात नसतील तर तुम्ही तिच्यापुढे ऊस ठेवता का? नाही. मऊ भात देता. कारण आजीला काय चालतं, ते तुम्हाला ठाऊक असतं. नागोबाचंही तसंच. आमच्या विंझरच्या भातखाचरांत त्याला उंदीर मिळतात. त्याला वाटी नको, बीळ हवं. आणि भाऊ म्हटलं म्हणून जवळ मात्र जायचं नाही हं! घरात साप दिसला तर लांब उभं राहा, मोठ्यांना हाक मारा, सर्पमित्राला बोलवायला सांगा.

या आठवड्यात एक काम करा. घराजवळचं एक झाड, पक्षी किंवा ओढा निवडा. त्याच्याशी नातं जोडा. मग वहीत लिहा : त्याला काय लागतं? त्याला कशाचा त्रास होतो? त्यातलं आपल्यामुळे काय होतं? आईबाबांनाही विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की पुढचं काम आपोआप सुचेल.