समजून घ्या : काट्यावरची रांग कॉम्प्युटरला कशी कळते?

कोळसा, बांबू, लाकूड. बल्लारपूरचा बराचसा धंदा वजनावर चालतो आणि वजन करायला ट्रकला काट्यावर यावंच लागतं. रांग रस्त्यापर्यंत आली की उपाय एकच ऐकू येतो, 'अजून एक काटा टाका.' कधी तो बरोबर ठरतो, कधी पैसे पाण्यात जातात. पैसे घालण्याआधी हे तपासायची पद्धत म्हणजे कॉम्प्युटर सिम्युलेशन.

म्हणजे नेमकं काय?

डेपोची किंवा कारखान्याची चालती नक्कल प्रोग्राममध्ये उभी करायची. ट्रक किती अंतराने येतात, वजनाला किती वेळ लागतो, काटा कधी बंद पडतो, ही माहिती रोजच्या नोंदींमधून घ्यायची आणि वर्षभराचं काम काही सेकंदांत चालवून पाहायचं. मग नक्कलेतच दुसरा काटा जोडा, शिफ्ट बदला. चुकलं तरी कुणाचं काही जात नाही.

सरासरी कशी फसवते?

समजा, एका ट्रकच्या वजनाला सरासरी 6 मिनिटं लागतात. म्हणजे काट्याची क्षमता तासाला 10 ट्रक. तासाला 8 येत असतील तर रांग लागायलाच नको, असं वाटतं. पण ट्रक घड्याळ लावून येत नाहीत. अर्धा तास कुणीच नाही, मग पाच एकदम. आवक आणि वजनाचा वेळ दोन्ही असे अनियमित धरले, तर या 8 ट्रकनाही रांगेत सरासरी 24 मिनिटं थांबावं लागतं. तासाला 9 झाले की 54 मिनिटं. साडेनऊ झाले की 114! आवक वाढली 19 टक्के, थांबणं जवळपास पाचपट. काटा मात्र अधूनमधून रिकामाही दिसतो, त्यामुळे ऑफिसात बसलेल्याला काही बिघडलंय असं वाटतच नाही.

दुसरा काटा टाकला तर 9 ट्रकचं थांबणं दीड मिनिटावर येतं. पण कागदपत्रं आधीच तपासून प्रत्येक वजन बरोबर 6 मिनिटांत उरकलं, तर नवा काटा न टाकताही 54 ची 27 मिनिटं होतात. हे सूत्र मी इंजिनीअरिंगला पाठ करून पेपरात उतरवलं होतं. काट्यावरची रांग तेव्हा डोळ्यासमोर आली नव्हती.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी रांगेच्या या गणिताचा पाया 1909 मध्ये घातला. एका काट्याला सूत्र पुरतं. काट्यानंतर माल उतरवणं, जेवणाची सुट्टी, मधेच बिघाड असं सगळं आलं की सूत्र थकतं आणि सिम्युलेशन लागतं.

आपल्याकडे कुणी वापरलंय?

रेल्वेने. बल्लारशाह जंक्शन दिल्ली-चेन्नई मार्गावर आहे. इथे मध्य आणि दक्षिण मध्य रेल्वेची हद्द लागते, गोंदियाकडची लाइनही येऊन मिळते. एक्स्प्रेस आणि कोळशाच्या मालगाड्या त्याच रुळांवर. अशा मार्गांसाठी रेल्वेने 2020 च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या मदतीने 'झिरो बेस्ड टाइमटेबल' आखलं. जुनं वेळापत्रक बाजूला ठेवून कोऱ्या पाटीवर. गाड्यांचा वेग वाढावा, मालगाड्यांना वाट मिळावी, रूळदुरुस्तीला सलग वेळ मिळावा, ही उद्दिष्टं होती. त्यासाठी कमी प्रवाशांच्या थांब्यांवर कात्री ठेवली गेली.

गणितात खोट नाही. पण ज्या गावाला दुसरी एसटीच नाही, तिथल्या दहा प्रवाशांचं वजन शहरातल्या दहांपेक्षा जास्त आहे, हे मॉडेलला आपोआप कळत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं.

काट्याचंही तेच. ड्रायव्हरचा हिशेब बहुतेकदा खेपेवर असतो. त्याचे दोन तास कंपनीच्या खर्चात दिसत नाहीत, म्हणून मॉडेलमध्येही ते फुकट धरले जातात आणि 'सध्याची व्यवस्था ठीक आहे' असं उत्तर निघतं. आमच्या मते हे उत्तर चुकीचं आहे, कारण प्रश्नच अर्धा विचारलाय.

दुरुस्ती महाग नाही. 'सिमपाय' हे पायथॉनमधलं साधन मोफत आहे, चंद्रपूर-बल्लारपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलं प्रोजेक्ट म्हणून हे करू शकतात. अडचण येईल ती नोंदीची. गेट रजिस्टरमध्ये ट्रक आत आल्याची वेळ असते, बाहेर रस्त्यावर रांगेत लागल्याची नसते.