करमुक्त तिकीट आणि सोळा वर्षांचा आकडा

फेब्रुवारी २०२५मध्ये शिवजयंतीच्या सुमारास गोवा सरकारने 'छावा' हा हिंदी चित्रपट राज्यात करमुक्त केला. मध्य प्रदेशनेही त्याच दिवसांत तसाच निर्णय जाहीर केला. शंभर रुपयांहून महाग तिकिटावर तेव्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. त्यातला राज्याचा ९ टक्क्यांचा वाटा सोडून देणे, एवढाच या निर्णयाचा आर्थिक अर्थ. परंतु करमुक्ती ही कधीच केवळ पैशांची बाब नसते. हा चित्रपट लोकांनी पाहावा, घरच्यांना घेऊन पाहावा, असे राज्य त्यातून सुचवत असते. अडचण अशी की याच चित्रपटावर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने 'यूए १६+' अशी मोहोर उमटवली होती. सोळा वर्षांखालील मुलाला तो दाखवावा की नाही, हे पालकांनी विचार करून ठरवावे, असा तिचा आशय. एका सरकारी यंत्रणेने उंबरठ्यावर क्षणभर थांबायला सांगितले, दुसरीने सवलत देऊन आत बोलावले. या विसंगतीची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

मंडळाचा आकडा अनाठायी नव्हता. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेल्या आणि लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा शेवट छत्रपती संभाजी महाराजांच्या छळाचा आहे. नखे, डोळे, जीभ यांवरचे अत्याचार पडद्यावर दिसतात, आणि कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनीसह दिसतात. खेळ संपल्यावर हुंदके देणारी, रडत रडत शिवगर्जना करणारी लहान मुले त्या आठवड्यांत समाजमाध्यमांवरील चित्रफितींत सर्वत्र दिसत होती. चित्रीकरण करणाऱ्यांना बहुधा त्यांचे कौतुकच वाटत होते. मुलाच्या डोळ्यांतले ते पाणी इतिहासाच्या अभिमानाचे होते की निव्वळ भीतीचे, हे कोणी विचारल्याचे दिसले नाही. गुजरातमधील भरूच येथे तर छळाचे दृश्य सुरू असताना एका प्रौढ प्रेक्षकाने थेट पडद्यावर चाल करून तो फाडला आणि पोलिसांना त्याला ताब्यात घ्यावे लागले. समोरचे दृश्य प्रकाशाचा खेळ आहे, याचा विसर एका मोठ्या माणसाला पडू शकतो. मग नऊ-दहा वर्षांच्या मुलाने तो विसर पडू देऊ नये, ही अपेक्षा कितपत रास्त?

भरूचहून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की साधारण तासाभराच्या अंतरावर तापीकाठचे कामरेज लागते. सुरत जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण. सुरत शहरातील उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत यंत्रमाग आणि कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांवर काम करणारा खानदेशी समाज कित्येक दशकांपासून वसलेला आहे. कामरेजकडे येणारा मराठी माणूस बहुतांशी ऊसतोडीसाठी येतो. तालुक्यातील नवी पारडी येथे सहकारी साखर कारखाना आहे. दक्षिण गुजरातच्या अशा कारखान्यांसाठी धुळे, नंदुरबार, नाशिक आणि डांग या भागांतील कुटुंबे मुलाबाळांसह दरवर्षी उतरतात. या पट्ट्यात वाढणाऱ्या मराठी मुलाला महाराष्ट्राच्या चौथीतले शिवछत्रपतींच्या चरित्राचे पाठ्यपुस्तक शाळेत मिळत नाही, कारण अभ्यासक्रम गुजरातचा असतो. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते खरी, पण त्या शहराच्या हद्दीत. मग आपला राजा कोण होता, हे या मुलाला प्रथम कळते ते पडद्यावरून. गोव्यातल्या किंवा सातारच्या मुलाच्या मनात चित्रपटाआधी काहीएक कथा रुजलेली असते. कामरेजच्या मुलासाठी चित्रपट हीच कथा आणि तेच पाठ्यपुस्तक. त्याला तो पाहू नको म्हणणे सोपे नाही, आणि नुसते 'सोळा अधिक' एवढेच सांगून त्याच्या आईवडिलांच्या हाती काही लागतही नाही.

हा आकडा आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. १९५२च्या चलच्चित्र कायद्यानुसार दीर्घकाळ दोनच श्रेणी होत्या: सर्वांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए'. १९८३मध्ये त्यांच्यामध्ये 'यूए' आली. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा चित्रपट, हा तिचा अर्थ. खास वर्गापुरत्या चित्रपटांसाठीची 'एस' ही श्रेणीही तेव्हाचीच. त्याआधी १९७०मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले, तेव्हा इतर कलांपेक्षा चित्रपट भावनांना अधिक खोलवर हात घालतो आणि मुले व किशोरवयीनांवर त्याचा परिणाम विशेष मोठा असतो, हाच मुद्दा पुढे ठेवला होता. म्हणजे मूल हे या साऱ्या व्यवस्थेचे मूळ समर्थन. तरीही व्यवहारात मंडळाची शक्ती खर्च झाली ती मोठ्यांनी काय पाहू नये हे ठरवण्यात. २०१६मध्ये श्याम बेनेगल समितीने मंडळाने कात्री बाजूला ठेवून वर्गीकरणाकडे वळावे असे सुचवले आणि 'यूए'चे बारा व पंधरा वर्षांनुसार दोन भाग करण्याची शिफारस केली. ती सात वर्षे पडून राहिली. अखेर २०२३च्या दुरुस्ती कायद्याने आणि २०२४च्या नियमांनी 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे झाले. बारा वर्षांच्या एकाच रेषेपेक्षा हे निश्चितच बरे. सात वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांना एकाच मापाने मोजणारी जुनी पद्धत हास्यास्पदच होती.

परंतु कायद्याने या तीन टप्प्यांना केवळ सल्ल्याचे स्थान दिले आहे. 'ए' चित्रपट अठरा वर्षांखालील व्यक्तीला दाखवण्यास मनाई आहे. 'यूए १६+'बाबत मात्र चित्रगृहाच्या दारावरच्या माणसाला कोणताच अधिकार नाही, आणि जबाबदारीही नाही. आठ वर्षांच्या मुलाचे तिकीट काढले तर ते द्यावेच लागते. एका पायरीच्या अंतराने कायद्याची भाषा किती बदलते, हे ऑगस्ट २०२५मध्ये रजनीकांत यांच्या 'कुली'ने दाखवून दिले. त्या चित्रपटाला 'ए' मिळाले, कुटुंबांना मुलांसह प्रवेश मिळेना आणि निर्माते 'यूए' मागायला मद्रास उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. या धडपडीमागचा हिशेब सरळ आहे. 'ए' म्हणजे अख्खे कुटुंब गमावणे. 'यूए १६+' म्हणजे काहीच न गमावणे. या सीमारेषेवर निर्माता, मंडळ आणि न्यायालय यांच्यात झटापट होते, त्यात मुलाच्या मनाचा विचार शेवटच्या रांगेत बसलेला असतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तिकीट काढताना पालकाला दिसतो तो आकडा, कारण नव्हे. सोळा कशासाठी? रक्तपातासाठी, शिव्यांसाठी, शरीरसंबंधांच्या उल्लेखासाठी, की आत्महत्येच्या प्रसंगासाठी? ज्या घरात नुकताच कोणी गेला आहे, त्या घरातल्या मुलासाठी मृत्यूचे दृश्य एक प्रकारचे. ज्या घरात बाप हात उगारतो, तिथल्या मुलासाठी मारहाणीचे दृश्य दुसऱ्या प्रकारचे. ही माहिती मंडळाकडे असूच शकत नाही. ती फक्त आईकडे असते, आणि म्हणूनच तिला आकड्याहून कारणाची गरज अधिक. ब्रिटनमधील वर्गीकरण मंडळ प्रत्येक श्रेणीसोबत त्यामागचे कारण थोडक्यात जाहीर करते. तिथे '१५' असे लिहिलेल्या चित्रपटाला चौदा वर्षांच्या मुलाला आईवडिलांसोबतही प्रवेश नाही. '१२ए'ला मात्र लहान मूल मोठ्यांसोबत जाऊ शकते. तेवढी सक्ती इथे हवीच असे नाही. आपल्याकडे मुलाला घरी सांभाळायला कोणी नसते म्हणूनही त्याला चित्रगृहात नेले जाते, आणि दारावरून परतवल्याने त्या कुटुंबाचा प्रश्न सुटत नाही. पण कारण सांगायला कोणती अडचण आहे?

कारण सांगावे लागले तर मंडळाच्या स्वतःच्या मापांकडेही लक्ष जाईल, हे एक संभाव्य उत्तर. जुलै २०२५मध्ये 'सुपरमॅन'ला 'यूए १३+' मिळाले ते ३३ सेकंदांचे चुंबनदृश्य कापून. कोसळत्या इमारतींची तेवढी धास्ती नव्हती. 'छावा'तलेही काही शब्द मंडळाने बदलून घेतले. छळाचा प्रसंग राहिला. प्रेमाला कात्री आणि हिंसेला फक्त आकडा, अशी ही वाटणी आहे. खुद्द पालकही बहुतेक वेळा हेच करतात, हे मान्य करावे लागेल. पडद्यावर दोन माणसे जवळ आली की घरात रिमोट शोधला जातो. मुंडके उडाले तर कोणी जागचा हलत नाही. मराठीत २०१३च्या 'बालक-पालक'ने नेमक्या या संकोचाला हात घातला होता. रवी जाधव यांच्या त्या चित्रपटातली चाळीतली मुले मोठ्यांनी टाळलेल्या प्रश्नांची उत्तरे भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये शोधतात. विषय ऐकून दचकणारे आईबाप मुलांसोबत तो पाहून निवांत बाहेर आले, कारण विषय धाडसी असला तरी मांडणी समंजस होती. विषय आणि मांडणी यांतला हा फरक आकडा सांगू शकत नाही. दोन ओळींचे निवेदन कदाचित सांगू शकेल.

आश्चर्य असे की भारतीय नियमांनीच हे निवेदन एके ठिकाणी बंधनकारक केलेले आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी मंचांना वयोगटाबरोबर आशयाचे स्वरूपही ठळकपणे दाखवावे लागते. तेरा वर्षे आणि त्यावरील श्रेणीसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते आणि 'ए'साठी वयाच्या पडताळणीची व्यवस्था ठेवावी लागते. 'छावा' ११ एप्रिल २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा घरच्या छोट्या पडद्यावर त्याला हे सारे नियम लागू झाले. त्याआधीचे आठ आठवडे, भव्य पडदा आणि चहूबाजूंनी येणारा आवाज असताना, त्यातला एकही नव्हता. जिथे परिणाम मोठा तिथे माहिती तोकडी, आणि जिथे परिणाम बेताचा तिथे माहिती भरपूर.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आपल्या मुलांनी पूर्वीही भयंकर कथा ऐकल्याच की. खरे आहे. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत दशावतारी नाटकाच्या पहिल्या रांगेत मुलेच बसलेली असतात आणि काळा संकासुर त्यांच्या अंगावर धावून जातो. मुले किंचाळतात, पळतात, पुन्हा येऊन बसतात. कीर्तनकारही संभाजी महाराजांचे बलिदान सांगतो. पण त्याला समोरची मुले दिसत असतात. कोणाचा चेहरा पडला तर तो एखादा तपशील गाळतो, आवाज खाली आणतो, मधेच अभंग धरतो. चित्रपट समोर कोण बसले आहे हे पाहत नाही. कोणीतरी ते काम त्याच्या वतीने करायचे असते. पूर्वी ते कथेकऱ्याचे होते, आज ते पालकांवर सोपवले आहे, आणि पालकांना त्यासाठी लागणारे साधन दिलेले नाही.

गोव्यासारख्या छोट्या राज्याला केंद्राचा कायदा बदलता येणार नाही. पण करमुक्तीचा आदेश राज्याचाच असतो. त्या आदेशातच चित्रपटाची श्रेणी आणि तीमागचे कारण मराठी-कोंकणीतून छापणे, सवलत घेणाऱ्या चित्रगृहाला तिकीट खिडकीवर ते लावायला सांगणे, आणि शाळेच्या सहलीने तो चित्रपट पाहायचा असेल तर आकडा सल्ला न मानता मर्यादा मानणे, यासाठी विधिमंडळाचीही गरज नाही. एक परिपत्रक पुरे. २०२२मध्ये 'द काश्मीर फाइल्स' गोव्यात करमुक्त झाला तेव्हा तो 'ए' होता. त्यामुळे मुलांचा प्रश्न कायद्यानेच मिटवला होता. 'छावा'ने तो खुला केला, आणि ज्या उत्साहाने असे निर्णय होतात ते पाहता तो पुन्हा येणार, यात शंका नाही.

कामरेजच्या फडात मात्र यातले कोणतेही परिपत्रक पोहोचत नाही. दिवसभराची तोड संपवून मुक्कामावर परतलेल्या कुटुंबात चित्रपट येतो तो बहुधा मोबाइलवर, कोणीतरी कोणाला पाठवलेल्या स्वरूपात, प्रमाणपत्राची पाटी कधी कापलेली तर कधी इतकी बारीक की वाचताच येत नाही. जिथे अधिकृत ॲप आहे तिथे नियमानुसार कुलूपही आहे. मात्र ज्या घरात इंग्रजी सूचना वाचता येणारी व्यक्ती तेरा वर्षांचीच आहे, त्या घरात ॲप तीच सुरू करून देते आणि कुलपाचे चार आकडेही तीच ठरवते.