हरलेल्या संघाची सोबत

मार्च 2024 मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात विदर्भ मुंबईकडून 169 धावांनी पडला, तेव्हा इतवारीत ‘ते हरले’. वर्षभरात जामठ्यात करंडक आला, तेव्हा ‘आपण जिंकलो’. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी ही लकब 1976 मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या चाहत्यांत टिपली होती. तरी पहिल्या करंडकासाठी 2018 उजाडेपर्यंत साठ वर्षे माणसे टिकलीच. दुकानाच्या ओट्यावर चौघांनी जमून निवड समितीला नावे ठेवायची, बहुधा त्यानेच.

प्रकृतीला पराभवापेक्षा ताण बाधतो. 2006च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनी एकच सामना हरली. तरी तिच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण अडीच पटींहून अधिक होते. हृदयरुग्णांनी त्या दिवशी गोळी चुकवू नये. छातीत दुखले, तर डाव संपायची वाट पाहू नये.