दोनशे पानांचा पल्ला

मराठीत विज्ञानकथा भरपूर, विज्ञानकादंबऱ्या मोजक्या आणि मोठ्या पल्ल्याची अद्भुत कादंबरी त्याहून विरळा. मराठी लेखकाची कल्पनाशक्तीच तोकडी, असे म्हणून हा विषय झटकला जातो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. मराठी कादंबरी रांगत होती तेव्हा तिचे बोट अद्भुतानेच धरले होते. पुढे वास्तववादी समीक्षेने त्यावर पोरखेळाचा शिक्का मारला, तो अजून पुरता पुसलेला नाही.

कथेचे प्राबल्य आले ते छापखान्याच्या हिशेबातून. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही विज्ञानकथा 'मनोरंजन' मासिकात आली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. मासिक, स्पर्धा, दिवाळी अंक : तिन्हींचे माप आठ-दहा पानांचे, आणि लेखकाचा हात त्याच मापाला बसला. कथेला एक कल्पना पुरते. कादंबरीत त्याच कल्पनेचे परिणाम बाजारभाव, लग्नकार्य, पीकपाणी इथपर्यंत नेऊन दाखवावे लागतात. बहुतेक हस्तलिखिते इथेच बसकण मारतात. पहिल्या तीस पानांत शोध लागतो आणि उरलेल्या दोनशेंत नुसता पाठलाग चालतो.

दुसरी अडचण शब्दांची. परकी संज्ञा देवनागरीत लिहिली की परके जग मराठी होत नाही. 'हॅरी पॉटर आणि परीस' या अनुवादाच्या शीर्षकाला 'परीस' हा शब्द आयता मिळाला, कारण लोखंडाचे सोने करणारा दगड मराठी माणसाच्या बोलण्यात होताच. नारळीकरांनी 'वामन परत न आला'मध्ये यंत्रमानवाला वामनाचे नाव दिले, आणि तीन पावलांची कथा माहीत असलेल्या वाचकाला धोक्याची चाहूल शीर्षकातच लागते. अशी शब्दसंपत्ती पुण्या-मुंबईपुरती नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातच पाहावे : आंधळगावचे कोशाचे विणकाम, धानाच्या बांध्या, गावाची बोडी म्हणजे तळे, वैनगंगेची वाळू, आणि वर तुमसरकडे मॅंगनीजच्या खाणी. भविष्यातल्या पाण्याच्या किंवा खनिजाच्या भांडणाची कादंबरी इथे सहज उभी राहील. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडार हे लोकनाट्य पाहणाऱ्या, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला अद्भुताचे वावडे नाही. मग यंत्रमानवाने, नाहीतर निदान त्याला दुरुस्त करणाऱ्याने, झाडीबोली का बोलू नये? हस्तलिखित प्रमाण भाषेत घोटून घेणारा संपादक नेमकी हीच चव घालवतो. दूरच्या ग्रहावरचे रहिवासीही सदाशिव पेठेत वाढल्यासारखे बोलतात, याचे आता हसूही येत नाही.

प्रकाशकाची बाजू रोकड हिशेबाची आहे. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हे जुने माप. आज अनेकांना पाचशेही जड जातात. नवे जग उभे करायचे तर पाने वाढतात, पानांबरोबर किंमत वाढते, आणि तुटपुंज्या अनुदानावर चालणारे गावचे वाचनालय त्या पैशात दोन पातळ पुस्तके घेते. त्यात लेखकाने पहिल्याच भेटीत तीन खंडांची घोषणा केली, तर तिसऱ्या खंडाची जोखीम प्रकाशक पहिल्यापासूनच मोजतो. पहिला भाग स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहिणे हा साधा उपाय. तो फार थोडे लेखक करतात. अनुवादाशी स्पर्धा आहेच. मुग्धा कर्णिक यांनी टोल्कीनचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे महाकाय काम 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणले. जाड अद्भुत कादंबरी मराठीत छापता येते, एवढे त्यावरून दिसले. त्या पुस्तकामागे मात्र जगभरची ख्याती होती. नवख्या मराठी लेखकामागे ती नसते, म्हणून त्याचा वाचक प्रकरणागणिक जमवावा लागेल. क्रमशः कादंबरी मासिकांनी जवळजवळ बंद केली आहे. येत्या वर्षी वर्गणीवर चालणाऱ्या मासिकांच्या संपादकांनी एका नव्या विज्ञानकादंबरीला बारा अंक द्यावेत, आणि लेखकांनी बाराही प्रकरणे लिहून झाल्यावरच पहिले पाठवावे.